अर्ध्या ओठांचा वर्ग

३ ऑगस्ट

ढब्बू,

फोन उचलत नाही म्हणून रागावला असशील. सात वेळा केलास, मोजले मी. उचलला नाही, कारण बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण प, फ, ब, भ, म या पाच अक्षरांनी दगा दिलाय. जिने एकतीस वर्षं लोकांच्या पोरांकडून ही अक्षरं घोटून घेतली, तिने फोनवर सख्ख्या धाकट्या भावाला 'ढव्वू' म्हणावं हे मला मंजूर नाही. म्हणून पत्र. हात शाबूत आहेत.

आधी नीट वाच, मग घाबर. गेल्या मंगळवारी मी वर्गात 'प' शिकवत होते. माझी आठ पोरं, तुला माहीतच आहे, ऐकू येत नाही त्यांना. आपापसात ती हातांनी बोलतात आणि झकास बोलतात. मी शिकवते ते ओठ वाचायला आणि ओठांनी बोलायला, बाहेरच्या जगात वावरायचं म्हणून. 'प' शिकवताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. अक्षर नीट निघालं की पट्टी उडते. त्या दिवशी उडाली नाही. पुन्हा म्हटलं, तरी नाही. पोरं पट्टीकडे बघतायत, मी पट्टीकडे बघतेय. शेवटी पहिल्या बाकावरची मिरची उठली. सात वर्षांची आहे, नाकावर राग, म्हणून मीच ठेवलेलं नाव. जवळ आली, माझा डावा गाल बोटाने वर उचलला आणि सोडला. गाल खाली आला.

तेव्हा मला कळलं. पोरांना आधीच कळलं होतं.

डावी बाजू पूर्ण गेली आहे. भुवई उठत नाही, डोळा मिटत नाही, चूळ भरली की पाणी थेट पदरावर. दोन दिवस आधीपासून डावा कान ठणकत होता आणि आत बारीक फोड आले होते, पण मी लक्ष दिलं नाही. डोक्यातलं काही नाही म्हणाल्या डॉक्टर, चेहऱ्याच्या नसेचा लकवा आहे. गोळ्या लगेच सुरू केल्या. फोड सुकेपर्यंत घरी बसायचंय.

आता तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. हो, जुलैत शाळेत सगळ्यांना फ्लूची लस दिली, ती मी घेतली होती. आणि नाही, तिचा याच्याशी संबंध नाही. हे वाक्य दोनदा वाच.

मला काळजी एकाच गोष्टीची आहे. १४ ऑक्टोबरला तपासणी समिती येतेय. पाठ घेऊन दाखवायचा, त्यावर कोणता वर्ग कोणाकडे ते ठरतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत आणि ती मला या पोरांसमोर काढायची आहेत.

सोबत फोटो पाठवतेय. एकदम समोर आलास तर तुझा चेहरा माझ्यापेक्षा वाकडा होईल, त्यापेक्षा आधीच बघून घे. फक्त तुझ्यासाठी आहे.

तुझी ताई

--

९ ऑगस्ट

ताई,

फोटो बघून मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसून राहिलो. तुझं ते वाक्य दोनदा वाचलं. दहादा वाचलं. पटलं नाही.

मी सांगत नव्हतो? किती वर्षं सांगतोय! धडधाकट माणसाने दंडात काहीबाही टोचून घेऊ नये. जुलैत सुई, जुलैतच तोंड वाकडं. याला योगायोग म्हणायचं? तू शाळेतली बाई, तुला दोन आणि दोन चार करता येऊ नयेत? डॉक्टर काय, त्यांची बाजू घेणारच.

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या नाकांवर चष्मे बसवतोय. एकाचाही चेहरा सरळ नसतो. एक कान वर, एक डोळा आत, नाक भलतीकडे. पण तुझा होता! मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला आधीच बराच माज आहे. तुझ्या चष्म्याची दांडी मला एकदाही वाकवावी लागली नाही. तो चेहरा असा केला त्यांनी.

मी गप्प बसणार नाही. दुकानात येणाऱ्या चार लोकांना सावध करतोय. लेकीलाही बजावलंय, पुढच्या महिन्यात नातीला कांजिण्यांची लस द्यायचं चाललंय ते रद्द. कांजिण्यांनी कोणाचं काय बिघडलंय? आपल्याला दोघांना आल्या, खाजवल्या, गेल्या.

ड्रॉप्स वेळेवर घाल. डोळा कोरडा पडू देऊ नकोस, एवढं तरी माझं ऐक.

तुझा ढब्बू

--

१७ ऑगस्ट

ढब्बू,

'आल्या, खाजवल्या, गेल्या' हे वाक्य मी कानाच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. मुलगी तुझ्या लेकीच्या वयाची असेल. हसली नाही. म्हणाली, आल्या आणि खाजवल्या हे बरोबर आहे. गेल्या नाहीत.

नीट ऐक. तू सहा वर्षांचा होतास, मी दहाची. तू शाळेतून अंगभर फोड घेऊन आलास आणि आईने तुला मागच्या खोलीत ठेवलं. रडून रडून तुझा आवाज बसला, म्हणून मी तुझ्या पांघरुणात शिरले आणि आठवडाभर तुला गोष्टी सांगितल्या. मग मलाही आल्या. अंगावरच्या खपल्या पडल्या, पण त्यांचा विषाणू शरीरात राहतो. नसांच्या मुळाशी जाऊन झोपतो. माझा कानामागच्या नसेत झोपला होता, अठ्ठेचाळीस वर्षं. कोणाचा कधी उठतो, कोणाचा कधीच उठत नाही. पाठीवर उठला की त्याला आपण नागीण म्हणतो. माझा कानात उठला आणि चेहऱ्याची नस धरून बसला. कानातले फोड ही त्याची सही, असं ती म्हणाली. फ्लूच्या लशीने हे फोड येत नाहीत. तेव्हा तुझे दोन आणि दोन तुझ्याकडेच ठेव.

तुला दोष देत नाहीये. पुन्हा तू रडलास तर पुन्हा शिरेन पांघरुणात.

फोड सुकले, काल शाळेत गेले. माझ्या वर्गात खिडकी पोरांच्या पाठीमागे आहे, मुद्दामच तशी. उजेड थेट माझ्या तोंडावर पडावा, ओठ दिसावेत म्हणून मीच बाकं तशी लावून घेतली होती. काल त्या उजेडात उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी पडदा ओढा. नाही ओढू दिला. डाव्या कानाने ऐकूही फार कमी येतंय. पोरांना ते सांगितलं तर त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात एक भर पडली ना!

मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. मुख्याध्यापिका म्हणून त्यांचं बरोबरच आहे. म्हणाल्या, तुम्ही कार्यालयात बसा, हजेरीपत्रकं सांभाळा, आराम होईल. मी म्हटलं, समिती येऊन जाऊ दे, मग ठरवा. मान्य केलं, पण नाखुशीने.

'चार लोकांना सावध करतोय' म्हणजे नक्की काय करतोस?

ताई

--

२५ ऑगस्ट

ताई,

सोबतच्या डबीत चष्मा आहे. डाव्या बाजूला काचेभोवती मऊ कडा बसवली आहे, डोळ्याला वारा लागणार नाही, ओल टिकेल. तीन दिवस बसलो होतो. बाजारात असा मिळत असेलही, पण तो तुझ्या नाकावर नीट बसणार नाही.

विषाणू अठ्ठेचाळीस वर्षं झोपतो म्हणे! इतकी झोप कोणाला लागते? तुझी ती डॉक्टर हुशार असेल, पण मला अजून पटलेलं नाही. विचार करतोय. आणि कांजिण्या मी आणल्या हे तू इतक्या वर्षांनी काढलंस, हेही बरं नव्हे.

लोकांना सावध करण्याचं सोड. बोलतो आपलं येणाऱ्याजाणाऱ्याशी. दुकान म्हटलं की बोलणं आलंच.

ढब्बू

--

१२ सप्टेंबर

श्री. चष्मेवाले यांस,

आपल्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, आरशाशेजारी, एका बाईचा फोटो लावला आहे असं कळलं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'लस घेतली, हे बघा.' आपण तो लावला, आपल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाने मोबाईलवर काढला, आणि तो फिरत फिरत आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांपर्यंत पोचला. त्यांनी तो परवा मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. मी समोरच बसले होते.

हे 'आपण, आपण' म्हणणं मला झेपत नाही. ढब्बू, तू माझा चेहरा भिंतीवर लावलास?

'फक्त तुझ्यासाठी' असं मी लिहिलं होतं. एवढी वर्षं मी कोणासमोर मान खाली घातली नाही. त्या टेबलासमोर घातली.

आणि पुढचं ऐक, म्हणजे कळेल काय करून ठेवलंयस. माझी पोरं अक्षरं कानाने शिकत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघून शिकतात. मी जसं करते तसं हुबेहूब करतात. महिनाभर त्यांच्यासमोर मी उजवीकडे ओढलेल्या तोंडाने 'प' म्हणतेय. तीही उजवीकडे तोंड ओढून 'प' म्हणायला लागली! आठच्या आठ! मला ते दिसलं नाही रे. एवढी माझी नजर, पण मी स्वतःचं तोंड सांभाळण्यात गुंग होते. घरी गेली की आयांशी वाकड्या तोंडाने बोलतात. आयांनी तुझा फोटो बघितला, मग आपलं पोर बघितलं. एकीने ठरवलं, साथ आली. दुसरीने ठरवलं, शाळेत टोचलेल्या लशीने झालं. सोमवारी सगळे पालक शाळेत धडकले.

मी उभी राहून सगळं सांगितलं. पोरं नक्कल करतायत, त्यांच्या नसा ठणठणीत आहेत. माझे फोड सुकल्यावरच मी शाळेत आलेय. पण सांगणार कशी? तोंडातून निम्मे शब्द निसटतायत, आणि समोर तुझं लिखाण. दोघांनी मुलं काढून नेली. त्यात मिरची आहे.

मोठ्या बाई म्हणाल्या, समितीपर्यंत थांबू म्हटलं होतं, पण आता पालकच थांबत नाहीत. एक तारखेपर्यंत पोरांची तोंडं सरळ झाली नाहीत तर मी कार्यालयात.

लशीवर तुझा विश्वास नसेल तर नसू दे. तुझं मत तुझ्या तोंडाने सांगायचंस. माझं का वापरलंस?

ताई

--

२० सप्टेंबर

ताई,

चार कागद फाडले. हा पाचवा.

फोटो काढला. तुझं पत्र आलं त्याच दुपारी, गिऱ्हाईक बसलेलं असताना. त्या जागी मी पाटी लावली आहे. 'माझ्या बहिणीला लस घेऊन काहीही झालेलं नाही. जुन्या कांजिण्यांमुळे झालं. मी चुकीचं लिहिलं होतं.' खाली सही केली. लोक वाचतात आणि माझ्याकडे बघतात. बघू देत. फोटो जिथे जिथे पोचला तिथे पाटी पोचणार नाही, हे मला कळतंय.

मी चुकलो. हे वाक्य मी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही, अक्षर बघ कसं आलंय.

आता एक गोष्ट सांगतो, ती बायकोलाही माहीत नाही. माझा लशीला विरोध वगैरे काही नाही. मला सुईची भीती वाटते. बस्स, एवढंच आहे. शाळेत टोचायला आले की मी खिडकीतून पळायचो, तुला आठवत असेल, तूच शोधून आणायचीस. मोठेपणी पळता येईना, म्हणून कारणं शोधली. वर्तमानपत्रातून कात्रणं काढली, दुकानात भाषणं ठोकली. लोक म्हणायचे, काका अभ्यासू आहेत. छाती फुगायची. तुझा फोटो आला तेव्हा खरंच वाईट वाटलं, पण आत कुठेतरी असंही वाटलं, की बघा, मी बरोबर होतो. त्याची आता लाज वाटतेय.

सोबतचं खोकं जपून उघड, काच आहे. आरसा आहे, वीतभर उंच. एक कड वेडीवाकडी कापलेली दिसेल. ती कड कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाकावरून, तुझ्या चेहऱ्याच्या मधोमध टेकव. चकाकती बाजू उजवीकडे. पोरांना उजव्या हाताला बसव. त्यांना तुझी उजवी बाजू दिसेल आणि आरशात पुन्हा तीच. दोन्ही मिळून एक अख्खं तोंड, सरळ. 'प' म्हणून बघ.

माप कुठून घेतलं विचारशील. माझ्याच तोंडावर तार वाकवून घेतलं. नाक आपल्या दोघांचं बाबांचंच, ओठही तेच. फक्त हनुवटीपाशी अंदाजाने थोडी जास्त घासली. तुझी हनुवटी नेहमी माझ्यापेक्षा वर असते. तशीच ठेव.

ढब्बू

--

४ ऑक्टोबर

ढब्बू,

आरसा बसला. हनुवटीपाशी एक केसही मागेपुढे नाही.

पहिल्या दिवशी काय झालं सांगते. बाकं सगळी उजवीकडे ओढली. मी आरसा नाकावर टेकवला आणि पोरांकडे वळले. मग सगळ्यात लहान आहे ना, सशासारख्या दातांचा, तो बाकावरून खाली पडेपर्यंत हसला. त्याच्या मागून सगळे. मी स्वतःला बघितलं नव्हतं, मग एकाने उठून दुसरा आरसा समोर धरला. अरे, चिंचोळं तोंड, मधोमध शिवण घातल्यासारखं! मीही हसले. अर्धीच, पण आरशात अख्खी हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग कामाला लागलो. मी 'प', त्यांनी 'प'. प्रत्येकाच्या हातात छोटा आरसा. माझं तोंड बघ, तुझं तोंड बघ, जुळव. सहा दिवसांत चौघांची तोंडं सरळ झाली, नवव्या दिवशी सगळ्यांची. एक तारखेला मोठ्या बाई येऊन बसल्या, प्रत्येकाकडून पाचही अक्षरं म्हणवून घेतली, आणि उठताना म्हणाल्या, चौदा तारखेची तयारी करा. बस, एवढंच. पण दार हळू लावून गेल्या.

मिरचीच्या आईला मी वर्गात बोलावून बसवलं. तिने एक तास आरशाचा पाठ बघितला आणि दुसऱ्या दिवशी पोरीला आणून सोडलं. दुसरा मुलगा अजून आला नाही. त्याचे वडील म्हणतात, बघू. त्यांनी तोच फोटो आधी बघितलाय. हे तुला कळावं म्हणून लिहितेय, टोचायला नव्हे.

बरं, तू खरं बोललास, तर मीही बोलते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला नागिणीची लस घ्या म्हटलं होतं. पन्नाशीनंतर देतात. घेतली असती तर हे झालंच नसतं असं कोणी छातीठोक सांगणार नाही, पण शक्यता खूप कमी झाली असती. मी म्हटलं, वर्गाचं वर्ष संपू दे, मला कुठे काय होतंय. त्यात भीती नव्हती. माझ्यासारखीला काही होत नाही, असा ताठा होता. तू सुईला घाबरलास आणि मी स्वतःवर खूश होते. तुला शिकवायचा मला फारसा अधिकार नाही, पण मोठी आहे म्हणून विचारते. नातीचं काय केलंस?

आणि कागद फाडत बसत जाऊ नकोस. अक्षर छान आलं होतं.

तुझी ताई

--

१० ऑक्टोबर

ताई,

नातीला काल दिली. लेक म्हणाली, तुम्हीच मांडीवर घेऊन बसा. घेतलं. पोरगी रडली नाही, नर्सच्या नाकाकडे बघत राहिली. ती तुझ्यावर गेलीय.

मग नर्स म्हणाली, आजोबा, तुम्ही पन्नाशीचे दिसता, तुम्हाला नागिणीची देऊ? दारात लेक, मांडीवर नात, खिडकीला गज. दंड पुढे केला. पुढचं मला आठवत नाही. लेक सांगते की सुई लागायच्या आधीच मी टेबलावर आडवा झालो आणि नर्सने आडव्यालाच टोचलं. दंड सुजलाय, कालची रात्र अंग तापलं होतं. मला त्याचं काही वाटत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला दंड दाखवतोय. बायको म्हणते, आता याचीही भाषणं ठोकणार का?

चौदा तारखेला येऊ का? मागे उभा राहीन, एक शब्द बोलणार नाही.

तुझा ढब्बू

--

१५ ऑक्टोबर

ढब्बू,

वर्ग माझ्याकडेच राहिला. दोन्ही वर्षं. आता सावकाश वाच.

'नको' अशी तार केल्यासारखा निरोप पाठवला, त्याचा राग मानू नकोस. तू मागे उभा असतास तर मी सारखं तुझ्याकडे बघितलं असतं, आणि तू रडला असतास.

समितीत तिघं होती. दोन बायका आणि एक गृहस्थ, निवृत्त शिक्षक. त्यांच्या मिशा बघायला हव्या होत्यास! वरचा ओठ नाहीच, सगळा झाकलेला. पुटपुटत बोलायची सवय, वर एकीकडे कागद चाळतायत. अशा माणसाचे ओठ वाचणं म्हणजे आमच्याकडे थोरल्या वर्गाचं काम.

मी आरशाने पाठ सुरू केला. पाच-सात मिनिटं छान चाललं. मग तो आरसा मीच खाली ठेवला. का ते विचारू नकोस, ठरवलं नव्हतं. अक्षर शिकवायला आरसा हवा, पण बोलायला मला माझंच तोंड पाहिजे असं वाटलं. बाकं सरळ करून घेतली, खिडकीच्या उजेडात उभी राहिले आणि होतं तसं तोंड घेऊन पोरांशी बोलले. पोरं फटाफट उत्तरं देत होती. दोन महिने अर्धे ओठ वाचतायत ती, त्यांना सवय झालीय. माझ्या ते तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं.

मिशीवाल्यांनी मान वर केली. त्यांना बहुधा वाटलं, पोरांनी पाठ करून ठेवलंय. मला न सांगता, सरळ पोरांकडे बघून मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "तुमच्या बाईंना काय झालंय?"

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मलाही तो प्रश्न नीट ऐकू आला नाही, मी तो वाचला.

मिरची उभी राहिली. सगळ्यांच्या आधी. पोरांना मी शाळेत परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळं खरं सांगितलं होतं, हातांनी आणि तोंडाने दोन्हीने. लपवून काय करायचंय, त्यांच्यापासून चेहरा लपतो थोडाच? तिने दोन्ही हात बाजूला ठेवले, म्हणजे आता ओठांनी बोलणार. आणि म्हणाली, "विषाणू झोपला होता. तो उठला. बाई पडल्या." मग श्वास घेतला आणि म्हणाली, "बाई पण उठल्या."

ढब्बू, तिने आजवर दोन शब्दांच्या वर वाक्य कधी बोललेलं नाही. आणि 'बाई' म्हणताना दोन्ही ओठ मिटले, सरळ, मधोमध. 'पण' तर असं निघालं की समोर पट्टी असती तर भिंतीला जाऊन लागली असती. मला रडू आलं नाही. तुला वाटेल आलं असेल. मला इतका अभिमान वाटत होता की रडायला जागाच नव्हती.

भुवई अजून उठत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. बरं, नाही तर नाही.

मिशीवाल्यांनी चष्मा काढून पुसला, तो त्यांच्या नाकावर धड बसत नव्हता, तुझ्याकडे पाठवायला हवं. मग समितीतल्या वयस्कर बाईंनी सगळ्या शिक्षकांकडे वळून विचारलं, "हिला बोलायला कोणी शिकवलं?"

आमच्या मुख्याध्यापिका काहीतरी सांगायला पुढे झाल्या. मी हात वर केला आणि म्हटलं, "मी." अर्ध्याच तोंडाने म्हटलं, पण खोलीतल्या सगळ्यांना वाचता आलं.

तुझी ताई